भोजराजचं मत

बालाघाट,
८ सप्टेंबर १९६८

भोजराजले आजीचा आशीर्वाद, पुरेल तेवढा घे.

तुझं कार्ड आलं. त्यात दोन शब्द होते, सुखरूप पोचलो. शीलानं वाचून दाखवलं आणि मग कार्ड उलटं करून पाह्यलं, मागे काही आहे का म्हणून. मागे पत्ता होता. नागपूरच्या कॉलेजात बी.ए. करून दोनच शब्द येत असतील तर मी न शिकता बरी. मले निदान बोलता तरी येते.

शीला म्हणजे शेजारची, नववीतली, तुले ठावी आहे. मी बोलते आणि ती लिहिते. मी म्हटलं, जसं बोलते तसंच लिही. तर म्हणते, आजी, असं लिहीत नाहीत, मार्क कटतात. मी म्हटलं, माझे काय कटायचे ते कटू दे.

तुझा भाऊ गेला त्याले महिना होऊन गेला. पोळ्याआधी ताप आला, डोळे पिवळे झाले, आणि ज्या चैतराम मास्तरनं सगळ्या शाळेले मैदानावर पळवलं तो खाटेवरून उठला नाही. हे तुले ठावंच आहे, पण सांगायले दुसरं काही नाही. तेरवीपर्यंत नातेवाईक होते तवर घरात रडणं होतं. ते गेले, रडणंही त्याइच्यासंगं मोटारीत बसून गेलं. तुझे माय-बाप किरनापूरकडे शेतावर, धानाच्या बांधीत परतले. मी इथं राह्यली. तुझ्या वहिनीले, साधनाले, एकटं कसं ठेवायचं.

वर्षभर घरात गाणं वाजवायचं नाही, म्हणून रेडिओ शीलाच्या घरी ठेवायले दिला. ते लोक तो रोज लावतात आणि भिंतीतून सगळं ऐकू येते. दुखवटा आपला आणि गाणं त्याइचं, असं चाललं आहे. शीला हे लिहिताना हसून राह्यली.

तुझी वहिनी पाणी भरते, भात रांधते, धुणं धुते. विचारलं तर हौ म्हणते, नाही विचारलं तर तेही म्हणत नाही. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं, मी खाल्लं. काल पडलंच नाही, तेही खाल्लं. तिले दोन्ही दिवशी कळलं नाही. खरं सांगू, मलेही आजच कळलं.

तू मोठं पत्र लिही. चैतरामचं काही लिहू नको. तुझं मत लिही. लहानपणी तुले भाताआधी मत लागे. आता नागपूरले मत पिकवायची मोठी बांधी भेटली असेल. जे पिकलं ते इकडे धाड. घरात कोणीतरी बोललं पाह्यजे, मग ते कागदावर का असेना.

तुझी आजी मैनाबाई


नागपूर,
१७ सप्टेंबर १९६८

तीर्थरूप आजीस भोजराजचा नमस्कार.

तू मत मागितलंस, तर सांगतो. नंतर लांबलं म्हणून तक्रार करू नकोस.

जुलैमध्ये सरकारनं नवीन शिक्षण धोरण जाहीर केलं. त्यात शाळेत तीन भाषा शिकवायचं सूत्र आहे. माझ्यावर हा प्रयोग आधीच होऊन गेलाय. तिसरीपर्यंत मी मराठीत शिकलो. मग राज्यं नव्यानं आखली, नागपूर महाराष्ट्राकडे गेलं, आपला जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि पाढेसुद्धा हिंदीत आले. इथं आलो तर पुन्हा मराठी, आणि पुस्तकं इंग्रजीत. वर्गात मुलं मला हिंदीवाला म्हणतात, बालाघाटला येतो तेव्हा लोक नागपूरवाला म्हणतात. माझं मत असं की मूल ज्या भाषेत आईशी भांडतं त्याच भाषेत त्याला गणित शिकवावं.

संगीताबद्दल माझं मत असं की तो विषय शाळेत सक्तीचा करावा, परीक्षेसकट. परवा कॉलेजात सतारवादन झालं. बराच वेळ बसलो. सगळे माना हलवत होते, मीही हलवली. आत काही गेलं नाही. खुर्ची कडक होती एवढं आठवतं. कान लहानपणीच तयार व्हावा लागतो, ते आमचं झालं नाही, म्हणून असं होत असावं. आधी असं होत नसे, पण ते सोड.

खेळ. ज्या शाळेला मैदान नाही तिला मान्यताच देऊ नये. आणि मैदान मुलींनाही हवं. मुलगी पळाली तर घराची अब्रू पळत नाही. हे वाक्य मी वादविवाद मंडळात म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. खेळाला मार्क द्यावेत, वरच्या वर्गात जायला तेही लागावेत, म्हणजे पालक आपोआप मुलींना मैदानावर धाडतील.

जेवण बरं आहे. झोप लागते. फार लागते, दुपारीही लागते.

वहिनीला नमस्कार सांग. शीलाला सांग की तिच्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ आहेत, पण तो दोष तिचा नाही, धोरणाचा आहे.

तुझा,
भोजराज


बालाघाट,
५ ऑक्टोबर १९६८

भोजराजले आशीर्वाद. मागच्या वेळेस दिला तो संपला असेल.

तुझं पत्र दोन डाव वाचून घेतलं. तीन भाषांचं ऐकून मले बरं वाटलं. मले एकही लिहिता येत नाही, म्हणून मी एकाही भाषेत नापास नाही. तू मात्र सांभाळ.

गाण्याची परीक्षा ठेवू नको, बाबू. आता जे पोरं गाय चारताना गातात तेही गाणं सोडतील. खेळाचंही तसंच. मार्कासाठी पळालेली पोर मार्क भेटले की बसून जाईल. पण तुझं नाव धोरणवाल्यांइले कोणी सांगितलं नाही ते बरं झालं, नाहीतर देशातल्या सगळ्या लेकरांइले तुझ्यासारखं कडक खुर्चीवर मान हलवत बसावं लागलं असतं.

मुलगी पळाली तर अब्रू पळत नाही, हे वाक्य आलं तवा वाचणारी थांबली. मी म्हटलं, काहून थांबली, पुढं वाच. ती म्हणे, वाचते, एकडाव हेच पुन्हा वाचते. मग वाचलं. म्हणजे इथंही तुले टाळी भेटली समज, आवाज नाही आला एवढंच.

आणि हो, लिहिणारा हात बदलला आहे. शीलाची सहामाही आहे, तिचा बाप तिले बाहेर सोडत नाही. कोण लिहून राह्यलं ते मी सांगत नाही, अक्षरावरून वळख. ही मले मधात टोकत नाही. मी जे बोलते ते गुमान लिहिते. मी थांबली की तीही थांबते आणि दौतीकडे पाह्यते.

दसऱ्याले शाळेचे पोरं-पोरी सोनं घेऊन आले. दुखवट्याच्या घरी सोनं देत नाहीत हे त्याइले कोण सांगेल. दारात उभे राह्यले. दरसाली चैतरामच्या हातावर ठेवत, आता कोणाच्या हातावर ठेवायचं ते त्याइले समजेना. मग आपट्याची पानं उंबऱ्यावर ठेवून, पाया पडून गेले. कोणाच्या पाया पडले कोण जाणे. उंबऱ्याच्याच पडले असतील. पानं अजून तिथंच आहेत. मीही झाडत नाही, साधनाही झाडत नाही. आम्ही दोघी त्यावरून लांब टांग टाकून जातो.

दिवाळीले कधी येतो ते लिही. आला तर तुझ्या वहिनीले दोन माणसांऐवजी तीन माणसांचा भात टाकावा लागेल, तेवढाच फरक.

आजी


नागपूर,
१४ ऑक्टोबर १९६८

तीर्थरूप आजीस,

अक्षर ओळखलं. शीलाची धाकटी बहीण लिहीत असणार. तिचं वळण शीलापेक्षा पुष्कळ चांगलं आहे आणि चुका जवळजवळ नाहीत. हिंदी शाळेतली लहान मुलगी घरात ऐकून इतकं शुद्ध मराठी लिहू शकते, हा माझ्या पहिल्या मुद्द्याला पुरावाच झाला. मी तो वापरणार आहे. तिला माझी शाबासकी दे.

वापरणार कुठे, तर दोन नोव्हेंबरला मोठी वादविवाद स्पर्धा आहे. विषय असा की नव्या शिक्षण धोरणात खेळ आणि संगीताला भाषेइतकंच स्थान असावं. मी बाजूनं बोलणार. पहिला मुद्दा मातृभाषेचा. दुसरा, संगीतानं मन घडतं. तिसरा सगळ्यात जोरदार आहे. खेळाच्या शिक्षकांच्या निम्म्या जागा बायकांना द्याव्यात, आणि त्याची सुरुवात मुंबई-नागपुरात न करता आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावांतून करावी. शहरातल्या मुलींना पळताना लोक पाहतातच, आपल्याकडच्या मुलींना पळताना पाहायची लोकांच्या डोळ्यांना सवयच नाही. ती सवय कोणी तरी एका बाईनं मैदानावर उभं राहूनच लावावी लागेल. बघ, टाळ्या पडतात की नाही.

मेक्सिकोत ऑलिंपिक सुरू झालं. हॉकीचं सोनं आपलंच, त्यात मत देण्यासारखं काही नाही.

दिवाळीला येत नाही. स्पर्धेची तयारी आहे आणि खोलीवर अभ्यास बरा होतो. बरोबरची मुलं घरी गेली की आणखीच बरा होईल. दादाची जुनी हॉकी माझ्याकडे आहे. पेटीच्या मागे उभी केली आहे. खेळायला गेलेलो नाही. पाय जड वाटतात. डॉक्टरला दाखवलं, त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं.

वहिनीला नमस्कार.

भोजराज


बालाघाट,
२७ ऑक्टोबर १९६८

भोजराज,

हॉकी हरली. भिंतीतून ऐकलं. गाणं ऐकायचं नाही असं आहे, बोलणं ऐकायचं नाही असं कोणी म्हटलं नाही, म्हणून मी भिंतीले टेकून बसली होती. काही समजत नव्हतं. मग शीलाच्या बापानं रेडिओ बंद केला आणि बराच वेळ ते लोक जेवले नाहीत, त्यावरून समजलं.

दिवाळी झाली. आपल्याकडे कढई चढली नाही. शेजारून ताटं आली, कपड्यानं झाकलेली. मी एक चकली खाल्ली, साधनानं ताटं धुऊन परत केली.

आता काम सांगते, नीट वाच. आजवर मी तुझी मस्करी केली, आता नाही करत.

दिवाळीआधी हेडमास्तर त्र्यंबकराव घरी आले. खाटेवर बसले, पाणी प्यायले. मग म्हणे, चैतरामची जागा रिकामी आहे. साधना मॅट्रिक आहे, शाळेत असताना खो-खो खेळली, आणि लग्नानंतर संध्याकाळी चैतरामच्या संगं मुलींना शिकवायले मैदानावर येत होती. मुली तिले वळखतात. तिनं यावं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल तवर सांगा, नाहीतर वरून दुसरा कोणी येईल, मग माझ्या हातात राहणार नाही.

भाऊबीजेले तिचा बाप प्रेमलाल रामपायलीहून आला, तिले न्यायले. दिवाळीपुरतं नाही, कायमचंच. त्याचं म्हणणं, पोरीचं वय कमी, इथं बुढीजवळ बसून काय करेल. गावात राममंदिर आहे, माय आहे, घर आहे. मास्तरकीचं त्याले पटेना. वाईट माणूस नाही, पण त्यानं कधी बाईले शिट्टी वाजवताना पाह्यलं नाही.

तुझा बापही आला होता. दोघांइनं बसून ठरवलं की भोजराजले विचारू. घरात शिकलेला तोच, आणि चैतरामचा भाऊ. तो म्हणेल ते. प्रेमलालही म्हणे, पोराचा शब्द मले मान्य. रविवारी दोघं पुन्हा येतील, सोमवारी शाळा उघडते.

मी साधनाले विचारलं, तुले काय पाह्यजे. ती म्हणे, मले काही वाटत नाही, आजी. जा म्हटलं तर जाईन, राह्य म्हटलं तर राहीन. मी तिचं खरं मानलं असतं. पण आता ती विहिरीवरून येताना शाळेच्या रस्त्यानं येते. तो लांबचा पडते, आणि डोक्यावर भरली गुंडी असते.

तर बाबू, तुझं मत पाह्यजे. टाळ्या नाही भेटणार. हौ का नाही, तेवढं लिही आणि लवकर धाड.

आजी


नागपूर,
३१ ऑक्टोबर १९६८

तीर्थरूप आजीस,

पत्र मिळालं. तीन वेळा उत्तर लिहायला बसलो.

प्रश्न तत्त्वाचा नाही, वेळेचा आहे. तत्त्व मी पुन्हापुन्हा मांडलंच आहे आणि त्यावर कायम आहे. पण माझी मतं समाजाबद्दल आहेत. आपल्या घराचं वेगळं आहे. अजून वर्षही झालं नाही. त्याच मैदानावर, त्याच जागी वहिनी उभी राहणार, कुंपणाला रिकामटेकडे लोक उभे राहून पाहणार, कोणी काही बोलणार. ते कोणी ऐकायचं? बाबा किरनापूरला, मी इथं. आणि लोकांचंही सोड. तिथं दादाशिवाय दुसरं कोणी उभं आहे असं माझ्या डोळ्यांपुढं येतच नाही. आणून पाहिलं, येत नाही.

तेव्हा माझं मत नाही असं आहे. वहिनीनं रामपायलीला जावं. तिथं तिची आई आहे. पुढं दोन-तीन वर्षांनी काही विचार करता येईल, तेव्हा धोरणही पुरतं लागू झालेलं असेल.

एक कर. पत्र वाचणाऱ्या मुलीला सांग, हळू वाच. वहिनीच्या कानावर हे जाऊ देऊ नको. तिला माझ्याकडून असं समजू नये. बाबांनी ठरवलं म्हणून सांग.

हॉकीत तिसरा नंबर आला. इथल्या लोकांना फार दुःख झालं आहे. मला फारसं काही वाटलं नाही.

भोजराज


बालाघाट,
८ नोव्हेंबर १९६८

भोजराज,

हे पत्र तुझी वहिनी लिहून राह्यली. मी बोलून राह्यली आणि ती लिहून राह्यली. दसऱ्यापासून तीच लिहिते आणि तीच वाचते. शीलाले लहान बहीणच नाही, लेका. दोन भाऊ आहेत, दोघंही शाळा चुकवून नदीवर असतात. साधना तुझ्याआधी शाळेत गेली, चार वर्गांपर्यंत मराठीत शिकली, म्हणून अक्षर वळणाचं आहे. मी मुद्दाम तिच्या हातात टाक दिला होता. तोंडानं बोलत नाही तर माझं तरी बोलणं तिच्या हातातून जाऊ दे, असं मनात होतं. तुले वळख म्हटलं होतं. तू पुरावा करून वापरायले नेलं.

तर तुझं पत्र तिनंच वाचलं. हळू वाच असं तू लिहिलं होतं, म्हणून तिनं हळूच वाचलं. एक शब्द गाळला नाही. वहिनीच्या कानावर जाऊ देऊ नको, हेही वाचलं.

मले काय समजते. तिनं नाहीच्या जागी हौ वाचलं असतं तर मी हौ ऐकलं असतं, आणि तूही तिकडं, कोणाले पत्ता लागला नसता. तिनं नाहीच वाचलं. पत्राची घडी करून माझ्याजवळ ठेवली आणि भात उतरवायले गेली. मी तिच्याकडं पाह्यलं. तोंडावर काहीच नव्हतं. कालही नव्हतं.

रविवारी प्रेमलाल आणि तुझा बाप आले. आल्या आल्या तुझ्या बापानं विचारलं, काय लिहिलं पोरानं. त्या दोघांइले माझ्याइतकंच वाचता येते. साधना चुलीजवळ होती. मी पत्र काढलं, उघडलं आणि समोर धरलं. तुझा बाप म्हणे, आई, तुले कवापासून वाचता येऊन राह्यलं. मी म्हटलं, वाचत नाही, मले सगळं पाठ आहे, कागद नुसता धरला आहे, तुले विश्वास यावा म्हणून.

तवा साधना उठली. मले वाटलं आता सांगते. ती जवळ आली, माझ्या हातातला कागद घेतला, सुलटा केला आणि परत माझ्या हातात दिला. मग चुलीजवळ जाऊन बसली.

मग मी सांगितलं. मुलगी पळाली तर घराची अब्रू पळत नाही, असं भोजराज लिहिते. खेळाच्या मास्तरांच्या निम्म्या जागा बायांइले भेटल्या पाह्यजे असं लिहिते, आणि त्याची सुरुवात आपल्याच गावातून व्हावी असं लिहिते. लोकांच्या डोळ्यांइले सवय नाही, ती कोणी एका बाईनं उभं राहून लावावी, असंही त्यानं लिहिलं आहे. माझ्याकडून एक शब्द घातला नाही. सगळं तुझंच. तुझी पत्रं मले ऐकूनच पाठ होतात, आमची परीक्षा अशीच असते.

प्रेमलाल खाली पाहून ऐकत होता. मग त्यानं मान वळवली आणि पोरीले विचारलं, "हौ का बाई, असंच लिहिलं आहे त्यानं?"

साधनानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाली, "हौ, बाबा. असंच लिहिलं आहे."

खोटं नाही बोलली. लिहिलं तर आहेच तू.

प्रेमलाल जेवला, आणि मोटारीची वेळ झाली तसा उठला. जाताना म्हणे, भोजराजले सांगा, मी त्याच्या शब्दाचा मान ठेवला, पोरगा मोठ्या मनाचा आहे. तुझ्या बापाची छाती दोन बोटं फुगली. सोमवारी साधना शाळेत गेली.

आता तू इकडं आला की लोक तुले शाबासकी देतील. जो भेटेल तो देईल. गुमान घे. तेवढं तुले करावं लागेल.

मी रागावली का, तर नाही. राग यायलेही आतून काही उठावं लागते. सध्या काही उठत नाही. तुझंही तसंच असेल असं मले वाटते, म्हणून जास्त बोलत नाही. तुझ्या टाळ्यांइचं काय झालं ते लिही.

आजी


नागपूर,
१९ नोव्हेंबर १९६८

तीर्थरूप आजीस आणि वहिनींस,

स्पर्धेत मी उठलो. दोन मुद्दे बोललो. मग तिसऱ्याची वेळ आली आणि तो तोंडातून निघाला नाही. दोनच दिवस आधी तुम्हाला पत्र टाकलं होतं. परीक्षक थांबले, घंटा झाली, मी खाली बसलो. बक्षीस दुसऱ्या मुलाला मिळालं. तो विरुद्ध बाजूनं बोलला होता.

बाबांनी कोणाकडून तरी कार्ड लिहवून पाठवलं आहे. माझा अभिमान वाटतो असं त्यात आहे. त्याला उत्तर दिलेलं नाही. काय द्यावं यावर मला मत नाही.

वहिनी, हे तुम्हीच वाचत असाल. म्हणून पुढं काय लिहावं ते कळत नाही.

भोजराज


बालाघाट,
१२ डिसेंबर १९६८

भोजराज,

दोन मुद्दे बोलून बसला ते चांगलं केलं. बापाच्या कार्डाले उत्तर दे. लिही की, आजीची तब्येत बरी आहे. ते खरंही आहे आणि त्यात मत नाही.

साधना सकाळी जाते, संध्याकाळी येते, भात टाकते, जेवते, झोपते. मीठ एकदाच पडते आता. कुंपणाले लोक उभे राह्यले होते पहिले काही दिवस. काही बोलले असतील. मग थंडी पडली, धानाची कापणी आली, लोकांइले कामं लागली. आता एक पानवाला तेवढा पाह्यते, तो आधीही पाहे. मंडईच्या जत्रेचे दिवस आहेत, जवळच्या गावातून दंडारीच्या नाचाचा ढोल ऐकू येते. आम्ही दोघी ऐकतो. बंद करता येत नाही तर काय करायचं.

माझं सांगून झालं. खाली जागा उरली आहे. साधनाले म्हटलं, तू तुझं काही लिही. ती म्हणे, काय लिहू. मी म्हटलं, मी अंगणात जाऊन बसते. इथं बसली तरी मले थोडंच वाचता येते, पण तुले मोकळं वाटेल.

आजी

भाऊजी,

आजी खरंच अंगणात जाऊन बसल्या आहेत आणि इकडं पाहत आहेत.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा मला राग आला नाही. तुमच्या डोळ्यांपुढं जे येत नव्हतं ते माझ्याही येत नव्हतं. आजही येत नाही. मी तिथं जाऊन उभी राहते एवढंच. उभं राहिल्यावर काही वाटतं का, असं कोणी विचारलं तर, नाही. मुली पळतात, मी मोजते, पाळी बदलते. घंटा झाली की घरी येते. पुढचं मला ठाऊक नाही. तुम्ही सुट्टीत या. शाबासकी कोणी दिली तर मी तिथं असणार नाही, तेवढं जपेन.

आमच्या शाळेत शिकवणाऱ्या बायांना मुली बहनजी म्हणतात. मला गुरुजी म्हणतात. तुमच्या दादांना म्हणायच्या, तेच तोंडात बसलं आहे. बहनजी म्हणा, असं हेडमास्तरांनी एकदा वर्गात सांगितलं, पण मैदानावर पळताना कोणाच्या लक्षात राहतं. दिवसभर चालतं, गुरुजी, ये आउट है, गुरुजी, मेरी बारी. पहिल्या दिवशी अशी हाक आली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

आता वळत नाही. क्या हुआ, असं विचारते.

साधना